गेलेले आटे आणि उरलेला धातू

बोल्ट आवळताना पाना जड होत जातो, आणखी थोडा जड होतो, आणि मग एकाएकी लोण्यात फिरल्यासारखा हलका पडतो. अंबड चौफुलीवरचा मेकॅनिक असो की घनसावंगीकडच्या वस्तीवर स्वतःच ऑइल बदलणारा शेतकरी, त्या क्षणी तोंडातून एकच वाक्य निघते : आटे गेले. माझ्या तोंडून ते निघाले तेव्हा मी दारातल्या लिंबाखाली, शंभर सीसीच्या मोटारसायकलच्या पोटाशी पाठ टेकून पडलो होतो आणि सतरा नंबरच्या पान्यावर मीच पाइप चढवलेला होता. त्यामुळे दोष कुणाचा, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला. उरला तो दुसरा : आता या भोकाचे काय करायचे?

या प्रश्नाला आपल्याकडे चार तयार उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, एक साइज मोठा बोल्ट टाक. दुसरा म्हणतो, एम-सील लाव. तिसरा आट्यात तांब्याच्या वायरीची एक तार घालून बोल्ट फिरवून देतो, आणि चौथा सरळ नवा चेंबर, म्हणजे इंजिनाचा तेल साठणारा खालचा भाग, घ्यायला सांगतो. चौघांनाही कधी ना कधी यश आलेले असते, म्हणून चौघेही ठाम असतात. पण यांतला एकही जण, भोकाभोवती धातू किती उरला आहे, हे विचारत नाही. गेलेल्या आट्यांचा सगळा विचार त्या उरलेल्या धातूपासून सुरू व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. भोकाभोवतीचा धातू ही एकदाच मिळालेली पुंजी आहे. प्रत्येक दुरुस्ती त्यातून काही खर्च करते. कमी खर्चाचा उपाय आधी आणि जास्त खर्चाचा नंतर, हा क्रम उलटा केला की तिसऱ्या वेळेस खर्च करायला काही उरतच नाही.

बोल्ट नेमके करतो काय

बोल्ट दोन भाग नुसते जोडतो, ही समजूत अर्धवट आहे. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणून धरलेली स्प्रिंग. डोके वर अडते, आटे खाली अडतात आणि मधला दांडा काही शतांश मिलिमीटर लांबतो. त्या लांबण्याची परत आखडायची ओढ दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून ठेवते. ही ओढ किती असते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मोटारसायकलच्या क्लच कव्हरला असतो तसा एम ६ बोल्ट घ्या, म्हणजे दांड्याचा बाहेरचा व्यास ६ मिमी आणि दोन आट्यांतले अंतर १ मिमी. तो साधारण १० न्यूटन-मीटर पिळाने आवळतात. पीळ, व्यास आणि ताण यांचे ढोबळ नाते असे : ताण म्हणजे पीळ भागिले व्यासाचा पाचवा हिस्सा. हिशोब केला तर ८,३०० न्यूटन येतात, म्हणजे जवळजवळ साडेआठ क्विंटल. करंगळीपेक्षा बारीक एका बोल्टला मोंढ्यावरचा साडेआठ क्विंटल कापूस टांगल्यासारखे हे झाले.

हे नाते कोरड्या आट्यांचे आहे, आणि गोम इथेच आहे. पान्यावर आपण लावलेल्या जोराचा जवळपास निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. साधारण चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामाला दहा टक्क्यांच्या आसपासच उरतात. आता आट्यांना ऑइल लागले तर घर्षण घटते आणि पाचव्या हिश्श्याऐवजी सुमारे ०.१५ हा गुणक धरावा लागतो. तोच हात, तोच पाना, तोच १० न्यूटन-मीटर पीळ, पण ताण मात्र ११,१०० न्यूटन, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने जास्त. हाताला यातले काहीच कळत नाही. ऑइल बदलताना बोल्ट, वायसर आणि हात तिन्ही तेलात माखलेले असतात. चेंबरच्या बोल्टचे आटे इतर कुठल्याही बोल्टपेक्षा जास्त वेळा का जातात, याचे निम्मे उत्तर त्या तेलात आहे. उरलेले निम्मे हे, की तोच बोल्ट सगळ्यात जास्त वेळा उघडला जातो.

आटे कधी जातात, याचा हिशोब

आटे जातात म्हणजे भोकातल्या आट्यांचा मुळाशी कातर बसतो आणि धातूचे वेटोळे सुटून बोल्टबरोबर फिरू लागते. किती धातू कातरावा लागेल, ते मोजता येते. एम ६ च्या भोकात पकडीच्या दर मिलिमीटरला सुमारे साडेसोळा चौरस मिमी धातू कातरबलाला तोंड देतो. ओतीव अॅल्युमिनियमची कातर सोसण्याची ताकद मिश्रधातूप्रमाणे कमी-जास्त असते. हिशोबापुरती ती चौरस मिमीला १५० न्यूटन धरू. पकड ९ मिमी, म्हणजे व्यासाच्या दीडपट असेल, तर भोक २२,००० न्यूटनपर्यंत टिकेल. ८.८ ग्रेडचा एम ६ बोल्ट स्वतः १६,००० न्यूटनच्या आसपास तुटतो. याचा अर्थ, धडधाकट भोकात आटे जायच्या आधी बोल्ट तुटला पाहिजे. इंजिन आखणाऱ्याची इच्छाही तीच असते. तुटलेला बोल्ट दहा-वीस रुपयांचा, गेलेले भोक मात्र अख्ख्या चेंबरच्या किमतीचे.

मग प्रत्यक्षात उलटे का होते? कारण पकड ९ मिमी राहिलेलीच नसते. मूळ बोल्ट हरवतो आणि डब्यातून सापडलेला जरा आखूड बोल्ट लागतो. गळती थांबावी म्हणून एकावर एक दोन वायसर बसतात. तोंडाजवळचे दोन आटे आधीच्या वाकड्या चढवण्यात चेपलेले असतात. पकड ४ मिमीवर आली की भोकाची ताकद ९,९०० न्यूटनवर येते. कोरडा बोल्ट ८,३०० न्यूटन मागतो, तेव्हा काम निभावते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पुढच्या वेळी त्याच बोल्टला तेल लागते, मागणी ११,१०० वर जाते आणि आटे सुटतात. ज्या दिवशी ते सुटले त्या दिवशीचा माणूस बदनाम होतो. मूळ चूक मात्र दोन वर्षांपूर्वी आखूड बोल्ट टाकणाऱ्याची असते. माझ्या बाबतीत, दुर्दैवाने, दोन्ही माणसे मीच होतो.

पाइपाचे गणित वेगळे सांगायला नको, पण सांगतो. दीड वितीच्या पान्यावर दोन हात लांबीचा पाइप चढवला की हाताचा जोर तेवढाच राहून पीळ जवळपास तिपटीने वाढतो. खोलायला पाइप लावावा लागला तर एकवेळ समजू शकतो. आवळायला पाइप लावणे म्हणजे साडेआठ क्विंटलच्या जागी पंचवीस मागणे. टॉर्क पाना नसला तरी घरी मोजता येते. बोल्टच्या मध्यापासून २० सेमीवर पान्याला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा, पान्याशी काटकोनात ओढायचा, आणि ५ किलोवर थांबायचे. तो पीळ ९.८ न्यूटन-मीटर, म्हणजे एम ६ ला हवा तेवढाच. रद्दीवाल्याकडे असतो तसला काटा चालतो. तो खरा आहे का, हे आधी एक लिटर पाण्याच्या बाटलीने ताडून घ्यावे.

सुताचा बोल्ट, मिलिमीटरचे भोक

आटे जाण्याचे आणखी एक कारण आपल्या भागात विशेष आढळते. ते इतिहासातून आले आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश आणि मोजमाप इंचात होते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला आणि आजच्या मेट्रिक आट्यांनी तोच उचलला. भारतात वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि मेट्रिक पद्धत आली. आज मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे भारतीय मानक आहे. पण कायद्याने विहिरीवरची इंजिने बदलली नाहीत. जुन्या लिस्टर घाटाच्या इंजिनांवर इंची आटे राहिले आणि मेकॅनिकच्या जिभेवर सूत राहिले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंची बोल्ट दोन सुती, पाच सोळांश इंचाचा अडीच सुती आणि तीन अष्टमांशाचा तीन सुती.

अडीच सुती बोल्टचा व्यास ७.९४ मिमी. एम ८ चा ८ मिमी. डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटांनाही लागत नाही. अडीच सुतीत इंचाला १८ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.४१ मिमी. एम ८ मध्ये ते १.२५ मिमी. दर आट्यामागे ०.१६ मिमीची चूक साचत जाते. तीन-चार आटे बोल्ट गुमान जातो. चौथ्यापर्यंत चूक अर्ध्या आट्याइतकी झालेली असते आणि बोल्ट अडतो. त्या वेळी भले माणूस बोल्ट बाहेर काढून बघते. घाईतले माणूस पाना लावते. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्या भांडणात कोण हरणार, हे ठरलेलेच असते. मेट्रिकच्या घरातही हा घोळ आहे : एम १० मध्ये १.२५ आणि १.५ असे दोन्ही अंतरांचे बोल्ट गाड्यांवर सर्रास असतात. नवा बोल्ट भोकात घालण्याआधी जुन्या बोल्टला समांतर टेकवून उजेडात धरावा. आटे एकमेकांत पूर्ण बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तरच तो बोल्ट त्या भोकाचा.

हीच युक्ती निदानालाही उपयोगी पडते. बोल्ट नुसता फिरतो आहे म्हणून भोकच गेले असे नव्हे. बोल्ट काढून बघा. त्याच्या आट्यांत चंदेरी वेटोळे गुंडाळलेले असेल तर भोक गेले. आटे स्वच्छ असून नव्या बोल्टशी जुळत नसतील, मधे कुठे मान बारीक झालेली दिसत असेल, तर बोल्ट लांबला आहे आणि भोक बहुधा शाबूत आहे. अशा वेळी भोकात आटे पाडायचा टॅप घालणे म्हणजे निरोग्याला शस्त्रक्रिया.

कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे

धातूची शिल्लक लक्षात ठेवून उपायांकडे पाहिले की त्यांचा क्रम आपोआप लागतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काहीच न कापणे. तोंडाचे एक-दोन आटे चेपले असतील तर ते सरळ करावेत, नवे कापू नयेत. त्यासाठी त्याच मापाचा एक जुना कडक बोल्ट घ्यावा, हॅक्सॉ पात्याने त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने दोन चिरा पाडाव्यात, कानसेने कडा मोडाव्यात. हा घरगुती साधा साफ-बोल्ट कचरा चिरेत घेतो आणि चेपलेला आटा जागेवर आणतो. बाजारातला टॅप हेच काम करताना धातूही खरवडतो, म्हणून इथे तो नको.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात कमी वापरला जातो. अनेक भोके मूळ बोल्टच्या टोकापेक्षा खोल असतात आणि तळाशी कोरे, कधीच न वापरलेले आटे पडून असतात. खराट्याची काडी घालून खोली मोजावी, नखाने खूण करावी, बोल्टशी ताडावी. ५-६ मिमी जागा असेल तर तेवढा लांब बोल्ट टाकला की प्रश्न संपतो. धातूचा खर्च शून्य. दोनच पथ्ये आहेत. बोल्ट तळाला टेकता कामा नये, शेवटी २ मिमी तरी मोकळे हवेत. आणि भोकात तेल साचलेले नसावे, कारण बंद भोकातल्या तेलाला जायला जागा नसते, बोल्ट त्याला दट्ट्यासारखा दाबतो आणि ओतीव भाग तडकू शकतो. कापडाच्या वातीने तेल टिपून घ्यावे.

तिसरा उपाय हेलिकॉइलचा. ही पोलादी तारेची स्प्रिंग असते. तारेचा छेद पत्त्यांतल्या चौकटसारखा असल्याने आतून बोल्टला आणि बाहेरून भोकाला, दोन्हीकडे आटे मिळतात. विमानांच्या हलक्या धातूच्या इंजिनांत ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे. तिथे ती दुरुस्ती म्हणून नव्हे, नव्या भोकातच बसवलेली असते. तिच्यासाठी भोक थोडे मोठे करून खास टॅपने आटे पाडावे लागतात. एम ६ ला भोक सुमारे ६.३ मिमी आणि नव्या आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण ७.३ मिमी. म्हणजे अॅल्युमिनियम आता ७.३ मिमीच्या घेरावर कातरावे लागेल, आधी ते ६ मिमीच्या घेरावर कातरत होते. ताकद वीस टक्क्यांहून जास्त वाढली. ९ मिमीच्या पकडीला २२,००० ऐवजी २७,००० न्यूटन. दुरुस्त केलेले भोक मूळ भोकापेक्षा पक्के, आणि बोल्ट, पाना, कव्हरचे भोक सगळे तेच. शिवाय दर वेळी बोल्ट घासणार तो पोलादावर.

रस्त्यावरचा मेकॅनिक आट्यात तांब्याची तार घालतो, ती कल्पना हेलिकॉइलची सख्खी चुलत बहीण आहे, आणि तिला हसण्याचे कारण नाही. फरक एवढाच की तिथे नवे आटे पाडलेले नसतात. तार कातरलेल्या धातूवर टेकलेली असते, म्हणून तिच्यामागे घर्षणाशिवाय कसलाच आधार नसतो. राजूरच्या अंगारकीला निघालेली गाडी रस्त्यात अडली तर गावी परत यायला ती तार पुरते. पुढच्या अंगारकीला तिच्यावर भरवसा नको.

आता मोठ्या बोल्टकडे या. एम ६ च्या जागी एम ८ टाकला तर कातरणारा धातू तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, हे खरे. म्हणूनच हा उपाय लगेच यशस्वी होतो. पण बघा काय झाले. भोक ज्या धातूच्या उंचवट्यात असते त्याचा बाहेरचा व्यास १२ मिमी असेल तर एम ८ भोवती धातूची भिंत फक्त २ मिमी उरते. कव्हरचे भोकही मोठे करावे लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बोल्टच्या डोक्याला आता दहाऐवजी बारा-तेराचा पाना लागतो. पुढचा माणूस डोके बघून आवळतो. एम ८ ला तो २५ न्यूटन-मीटर देणार, म्हणजे साडेपंधरा हजार न्यूटनचा ताण. ताकद तिसऱ्या हिश्श्याने वाढली आणि मागणी जवळपास दुप्पट झाली. पुढच्या वेळी नुसते आटे जात नाहीत, उंचवटाच फुटून हातात येतो. मोठा बोल्ट हा चूक उपाय नाही. तो शेवटून दुसरा उपाय आहे आणि आपण त्याला पहिला केला आहे.

शेवटचा म्हणजे बुश. बाहेरून मोठे आटे, आतून मूळ आटे, वर कॉलर. एम १२ च्या चेंबर बोल्टसाठी बाहेरून एम १६ चा बुश, असे. यात धातू सगळ्यात जास्त जातो, पण जिथे धातू भरपूर आहे तिथे याच्यासारखा टिकाऊ उपाय नाही. जालना याबाबतीत भाग्यवान आहे. इथल्या रोलिंग मिलमध्ये सळीवरच्या धारा मुळात रोलच्या खाचांत कोरलेल्या असतात आणि खाच झिजली की रोल पुन्हा कातावा लागतो. ज्या गावात असे काम रोज चालते, तिथे पितळी किंवा पोलादी बुश कातून देणारा लेथवाला शोधावा लागत नाही. अडचण अंतराची आहे. मंठा किंवा जाफराबादकडच्या गावातून जालना पन्नास-साठ किलोमीटर, आणि ज्या गाडीने जायचे तिचेच तेल जमिनीवर सांडलेले. घरच्या दुरुस्तीचा विचार आपल्याला करावा लागतो तो याच कारणाने, हौसेने नव्हे.

एम-सील आणि दोन नळ्यांच्या चिकटद्रव्यांबद्दल दोन ओळी पुरेत. इंजिनचे तेल शंभर अंशांच्या आसपास तापते, घरगुती इपॉक्सी त्याच्या बरीच आधी मऊ पडू लागते. ती भेग बुजवेल, साडेआठ क्विंटल धरणार नाही. टेफ्लॉनची टेप त्याहून वाईट, कारण तिचे तुकडे तेलाच्या जाळीत जाऊन बसतात.

भोक पाडताना

हेलिकॉइल बसवण्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते भोक सरळ पाडणे. १५ मिमी खोलीवर एक अंशाचा तिरकेपणा म्हणजे तळाशी पाव मिलिमीटर सरकणे. हे चालून जाईल. पण बोल्टचे १० मिमीचे डोकेही तेवढेच तिरके बसते, एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला ०.१७ मिमी अधांतरी राहते. मग बोल्टवर ताणाबरोबर वाकही येतो आणि वायसरखालून तेल झिरपते. लेथवाल्याकडून एकदाच इंचभर जाडीचा, बरोबर काटकोनात भोक पाडलेला ठोकळा करून आणावा. तो जागेवर ठेवून त्यातून ड्रिल चालवावे. ठोकळा नसेल तर भोकाशेजारी जुनी सीडी ठेवावी. ड्रिल आणि तिच्यातले ड्रिलचे प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी एका रेषेत दिसले, की काटकोन साधला. सीडी गाणी ऐकायला कुणी वापरत नाही आता. तिला एवढे काम तरी मिळेल.

अॅल्युमिनियम चिकट असते. ड्रिलच्या धारेवर ते थापले जाते आणि भोक ओबडधोबड होते. रॉकेल टाकले की हे थांबते. रॉकेल मिळत नसेल तिथे डिझेल चालते. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा, म्हणजे कीस तुटतो. कॉइल बसवताना ती पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली उतरवावी, नाहीतर बोल्टबरोबर वर येते. खालचा आडवा शेपटा ठोकून तोडायचा आणि तो तुकडा बाहेर काढायचा. तो आत पडला तर गिअरमध्ये सापडेल.

किसाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण घरी करावे की करू नये, याची सीमारेषा कीस कुठे पडेल यावरून ठरते. चुंबकाने अॅल्युमिनियमचा कीस उचलला जात नाही. ही साधी गोष्ट विसरून लोक चुंबक फिरवतात आणि निर्धास्त होतात. चेंबरच्या बोल्टचे भोक खाली तोंड करून असते, बहुतेक कीस आपोआप खाली येतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले की उरलेला त्यात चिकटतो. शेवटी वरून अर्धा लिटर स्वस्त तेल ओतून वाहू द्यावे. हे काम लिंबाखाली बसून निश्चिंत करावे. क्लच कव्हरची भोके तशीच, कव्हर काढल्यावर आतली बाजू चिंधीने बंद केली की झाले.

स्पार्क प्लगचे भोक मात्र थेट पिस्टनच्या डोक्यावर उघडते. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांचा प्लग १० मिमीचा, आट्यांचे अंतर १ मिमी आणि भोवतीची भिंत पातळ, कारण शेजारीच दोन व्हॉल्व्हच्या बैठका आहेत. ग्रीस लावून, पिस्टन खाली नेऊन, नंतर हवेने फुंकून हे काम केलेले मी पाहिले आहे आणि बहुतेक वेळा ते निभावतेही. एखादा तुकडा व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला की मात्र कॉम्प्रेशन जाते. माझे मत असे की हेड खोलता येत नसेल तर या भोकाला घरी हात लावू नये. हेड खोलता येत असेल तर ते पिशवीत घालून लेथवाल्याकडे न्यावे. प्लग मुळात थंड इंजिनावरच काढला आणि पहिले चार-पाच आटे बोटांनी, पान्याशिवाय, फिरवून बसवला तर ही वेळ येत नाही.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनचे गणित आणखी वेगळे. ब्लॉक बिडाचा असतो. बीड टॅप करायला तेल लागत नाही, त्यातले ग्राफाइटच वंगणाचे काम करते आणि कीस काळ्या भुकटीसारखा पडतो. बाजूच्या झाकणांचे, टाकीच्या पट्ट्यांचे आटे घरी दुरुस्त करायला हरकत नाही. हेडच्या स्टडला मात्र हात लावू नये. ८० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलो दाब धरला, तर हेडला वर उचलणारे बल ३०,००० न्यूटनच्या पुढे जाते, मिनिटाला शेकडो वेळा. चार स्टडपैकी एक ढिला पडला की तिघांवर बोजा येतो, गॅस्केट जळते आणि पाणी तेलात उतरते. तिथे बुशच हवा, तो लेथवर कातलेला हवा, आणि चारही स्टडची भोके तपासलेली हवीत. एकाचे आटे गेले असतील तर बाकीच्या तिघांनी तेवढाच बोजा सोसलेला असतो.

माझ्या चेंबरचे शेवटी असे झाले. काडी घालून पाहिली, पण चेंबरचे भोक आरपार असते, त्यात मागे राखीव आटे नसतात. उंचवटा जाड होता. एम १२ ची, १.५ अंतराची कॉइल बसवली. नवा तांब्याचा वायसर घातला, कारण जुना एकदा चेपला की तो कडक होतो आणि गळती थांबवायला माणूस पुन्हा जोर लावतो. ताणकाट्याने २० सेमीवर साडेबारा किलो, म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर दिले. बोल्टच्या डोक्यावरून चेंबरवर जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटली तर बोल्ट सरकला. बदनापूरला दोनदा आणि परतूरला एकदा जाऊन आल्यावर बघितली, रेघ अखंड होती. पाइप मात्र अजून दाराआडच उभा आहे. परवा कुणीतरी तो ट्रॉलीच्या नटाला मागायला आले होते.